पंख्याच्या तारेत ओवलेला दिवा

अकोला, ता. २४ मे १९६३

ती. महादेवराव दाजी यांस, तुमचा मेहुणा शालिकराम याचा सविनय जयभीम. माझ्या बहिणीला, मैनाबाईलाही सांगावा. ती हे पत्र वाचणार असेल तर शेवटपर्यंत वाचावं, मधेच पदर डोळ्याला लावून तुमच्याशी अबोला धरू नये, कारण यात तुमची चूक नाही. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळ्यांचं बरं आहे, म्हणजे घामोळं सोडून. तुमच्या अमरावतीलाही ऊन आहेच, पण आमच्या अकोल्यात ते बिऱ्हाड करून राहतं आणि भाडं देत नाही.

तुम्ही गेल्या खेपेला आमच्या टेबलफॅनला जो उतारा करून गेलात, तो शंभर टक्के लागू पडला हे आधी सांगतो. त्याशिवाय पुढचं सांगायला तोंड नाही. तो पंखा मी कचेरीच्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतला होता, हे तुम्हाला ठाऊक आहे (दोन साहेबांची सेवा करून आलेला, म्हणून स्वभावाने तापट). त्याचं बटण तुटलेलं, त्यामुळे त्याला एकच वेग माहीत होता, अन् त्या वेगात तो असा खडखडायचा की शेजारच्या दुर्गाबाई आमच्याकडे रोज भांडण होतं असं समजून सोडवायला यायच्या. त्यांची चूक नव्हती. पंखा सुरू झाला की आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. ललिता वरण वाढायचं की नाही हेही अशा आवाजात विचारायची की बाहेरच्याला वाटावं, ही आता माहेरी चालली. तुम्ही पंख्याकडे बघितलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, "आवाज पंख्याचा नाही शालिकराम, वेगाचा आहे. वेग कमी करा, आवाज आपोआप बसते." आणि रेग्युलेटर मिळेना तेव्हा पंख्याच्या तारेत शंभर वॅटचा दिवा ओवून दिलात. वीज आधी दिव्याला, मग उरलीसुरली पंख्याला. पंखा एकदम पेन्शनर झाला. आवाज गेला. (वाराही बराचसा गेला. ललिता आता पंख्यासमोर बसून हातपंख्याने वारा घेते. पण ते राहू द्या.)

तुम्ही निघून गेल्यावर दोन दिवस आम्ही त्या शांततेचं कौतुक करत बसलो. घड्याळाची टिकटिक ऐकली. ललिता आणि मी हळू आवाजात बोलायला लागलो, लग्नानंतर पहिल्यांदाच. आणि बाबा मात्र भिंतीला टेकून कधी माझ्या तोंडाकडे, कधी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. मला वाटलं, त्यांनाही बरं वाटत असेल. उभा जन्म अकोटच्या जिनात कापूस आणि खडखडाट यांत गेला, कान तिथेच ठेवून आले, आता लेकाच्या घरी जरा निवांतपणा. असं मला वाटलं, दाजी. मला फार काय काय वाटतं, आणि ते बहुतेक चुकीचंच असतं.

मग गेल्या सोमवारी दुपारी तो प्रकार झाला. पंखा चालायचा म्हणजे दिवाही जळायचा, हे तुम्ही मला समजावलंत, मी ललिताला समजावलं, आणि बाबांना समजावायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. भर दुपारी घरात दिवा जळतोय हे त्यांना कसं सोसावं? (तुम्ही त्यांना ओळखता. चुलीतलं अर्धं लाकूडसुद्धा ते विझवून उद्यासाठी ठेवतात.) ते उठले, धोतराचा सोगा हाताला गुंडाळला आणि दिवा होल्डरमधून काढून कोनाड्यात ठेवला. पंखा थांबला. मला वाटलं, करंट गेला. मी बाहेर जाऊन दुर्गाबाईंना विचारलं, त्यांच्याकडे होता. मी परत येऊन दिवा बसवला, पंखा फिरायला लागला. थोड्या वेळाने बाबांनी तो पुन्हा काढला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "दिवसाउजेडी दिवा कायले जळून राह्यला? बिल का सासरा भरते?" ललिता मला हळूच म्हणाली, "मामाजीनं पंख्याचाच जीव काढला." आणि आम्ही हसलो. खूप हसलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा हातात तो गरम दिवा घेऊन उभे होते आणि आमच्याकडे बघत होते. मग तेही थोडं हसले. काय झालं ते माहीत नसताना माणूस जसं हसतो, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वळकटी बांधली. मी विचारलं, "बाबा, कुठं?" त्यांना ऐकू गेलं नाही, आणि मला वाटलं, त्यांना उत्तर द्यायचं नाही. "अकोटले जातो," एवढंच म्हणाले आणि एस. टी.त जाऊन बसले. तिथे ते त्यांच्या जिनातल्या जोडीदाराकडे, किसनरावांकडे उतरले आहेत. काल किसनरावांचा मुलगा कोर्टाच्या कामाला इकडे आला होता. तो म्हणाला, दोघं बहिरे म्हातारे ओट्यावर बसून दिवसभर एकमेकांवर ओरडतात, अख्ख्या आळीला दोघांच्या घरची बातमी फुकट मिळते, आणि बाबा खुशीत आहेत. मी विचारलं, मग आमच्याकडून गेले काहून? त्याने आधी चहा संपवला. मग म्हणाला, "काका म्हन्ते, पयले लेक-सून कानापाशी येऊन बोलत होते. आता घरात सारे कुजबुजतात. मायंच काईतरी बोलत असन, म्हनून आलो उठून."

दाजी, फार वाईट वाटतं. त्या खडखडाटात आम्ही त्यांच्याजवळ सरकून बसायचो, कानाशी तोंड नेऊन सगळं सांगायचो, भाजीच्या मिठापासून साहेबाच्या बदलीपर्यंत. ते आमच्या मायेने नव्हतं, पंख्याच्या धाकाने होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि गुडघ्याला तिळाचं तेल लावत जावं.

तुमचा,
शालिकराम

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. येत्या रविवारी तुमचा पेचकस घेऊन अकोल्याला या आणि तो दिवा तारेतून काढून पंखा होता तसा करून द्या. (दिवा बसवण्यापलीकडे मी विजेला हात लावत नाही, तुम्ही जाणताच.) जमलं तर पूर्वीपेक्षा थोडा जास्तच खडखडेल असं काही करता येईल का तेही बघा. मग बाबांना निरोप धाडू.

ता. क. दुसरा. येऊ नका. ललिताने पत्र वाचलं आणि वरच्या ता. क.वर बोट ठेवून म्हणाली, "आपल्या बापासंग मोठ्यानं बोलाले तुमाले पंखा कायले पाह्यजे?" याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा. पंखा राहू द्या तसाच. मी उद्या सकाळच्या गाडीने अकोटला चाललो आहे. किसनरावांच्या ओट्यावर, सगळ्या आळीदेखत, बाबांच्या कानाशी बसून म्हणावं लागेल की बाबा, माझं चुकलं, घरी चला. आणि एकदा म्हणून भागणार नाही. ते कानामागे हात धरून "का म्हन्लं?" विचारतील, आणि मला तेच पुन्हा, आणखी मोठ्याने म्हणावं लागेल.