भेट नोंदवही

ता. ४ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

मनोरुग्णालय बंद झालं आणि त्याची दप्तरं सरकारी अभिलेखागारात आली. मी लगेच अर्ज केला, ‘आईची सर्व माहिती मिळावी.’ खिडकीतल्या बाईंनी तो परत केला. म्हणाल्या, आम्ही माहिती सांगत नाही, कागद काढून देतो. कुठला कागद ते लिहा. आता ते मला काय ठाऊक? आईला तिथे ठेवलं तेव्हा मी चार वर्षांची. बाबांनी तर ती गेली म्हणूनच सांगितलं. मला एवढंच हवंय, तिला भेटायला कुणी जात होतं का. तू जन्मभर कारकुनी केलीस. अर्ज कसा लिहू? घरात बोलायला भिंत आहे, पण तीही तुझ्यासारखी घुमी.

लोभ आहेच, उत्तरही असावं.

तुझी ठकी

ता. ११ मार्च

चि. ठकीस, अ. उ. आ.

तुझा अर्ज म्हणजे तुझ्या बोलण्यासारखाच, गाडाभर. उपचारांचे कागद मागू नकोस, नाकारतील. ‘भेट नोंदवही’ माग. दर रुग्णाला दर वर्षी वेगळं पान असतं. वॉर्ड तिसरा, स्त्रिया. नात्याचा पुरावा म्हणून तुझा जन्मदाखला जोड. पहिली तीन वर्षं माग, पुरे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. माझं ठीक. सकाळचंच संध्याकाळी जेवतो.

तब्येतीला जप.

दादा

ता. २ एप्रिल

ती. दादास, शि. सा. न.

नक्कल मिळाली. तीन वर्षं, एक रविवार सोडून दुसरा, एकच सही. तुझी. नातं: मुलगा. वय: चौदा, मग पंधरा, सोळा. आणलेल्या वस्तू: कंगवा. साबण. एकदा, ‘धाकटीने काढलेलं चित्र’. 

मला नेलं नाहीस, निदान सांगायचंस तरी. मी आयुष्यभर तिला एकटीच समजत आले. बाई म्हणाल्या, चौथ्या वर्षाचंही पान आहे, ते का नाही मागितलंत? तीनच का, दादा?

रागावले आहे, तरी तुझीच,
ठकी

ता. ९ एप्रिल

चि. ठकीस, अ. उ. आ.

बाबांनी शपथ घातली होती. तू लहान, तुला सांगून काय झालं असतं?

चौथ्या वर्षी ती मला ओळखेनाशी झाली. मला ‘डॉक्टर’ म्हणायची. घरी कधी सोडणार, विचारायची. मी जाणं बंद केलं. त्यानंतर ती अकरा महिने होती.

चाळीस वर्षं लोकांना अर्ज लिहून दिले. त्या चौथ्या वर्षाचा मात्र लिहवला नाही. बाबा तिला भेटायला कधी गेले असतील का? मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत.

ते पान तू मागव. कुणाची सही असली तर कळव. कोरं निघालं तर त्याविषयी काही लिहू नकोस. पत्र मात्र लिही.

दादा