डाव्या डोळ्याचं पाणी

प्रिय आदर्श,

माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तुला जेलमध्ये कुणी कळवलं नसेल, म्हणून मीच लिहिते. तुझ्या केसच्या साक्षी सुरू व्हायच्या आत हे उरकून घेतलं. टाके निघाले, नाकाशेजारी बारीक व्रण राहिलाय. डोळा मात्र कोरडा आहे.

तुला ठाऊकच आहे, लग्न होऊन कळंब्यात आले ती मिरची कांडायच्या डंकावरच बसले. चटणीचा सीझन आला की अख्ख्या गल्लीचे डोळे गळतात. माझा भर पावसाळ्यातही गळायचा, पण आपल्याकडं डोळ्याला पाणी म्हणजे मिरचीच, दुसरं काय म्हणणार? पदरानं पुसायचं आणि पुढचं घमेलं ओतायचं. तुझी बायको तेवढी मागं लागायची, "आत्या, मिरची एकाच डोळ्याला कशी लागती हो?" शहाणी होती पूर्णिमा. मी मेलीनं तिचं ऐकलं नाही.

ती गेल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात गाठ आली, पू झाला, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची वाट बुजलीय. नाकातून दुर्बीण घालून करता येतं, त्याला व्रण पडत नाही. नाहीतर बाहेरून छेद द्यायचा आणि हाडाला भोक पाडून नवी वाट करायची. माझं दुखणं जुनं, म्हणून त्यांना बाहेरूनचं बरं वाटलं. मी म्हटलं, करा, या वयात व्रणाचं काय घेऊन बसायचं? वाट परत बुजू नये म्हणून आत एक बारीक नळी ठेवलीय, ती नंतर काढतील.

भेटीला यायचे तेव्हा जाळीपलीकडून तू म्हणायचास, आई, रडू नको. मी पदरानं डोळा पुसायचे.

काल तुझे वकील घरी आले होते. म्हणाले, "मावशी, आदर्श सांगतोय, आई मला बघून रडती, ती माझ्याविरुद्ध बोलायची न्हाय." अरे बाळा, मी रडत नव्हते. तो डोळा गळत होता. तू पूर्णिमाला जिन्यावरून ढकललंस ते मी बघितलंय. पोलिसांना सांगितलं तेच कोर्टात सांगणार. तू माझ्या तोंडाकडं बघत आशेवर राहू नयेस, म्हणून हे पत्र. तुझ्यासाठी मला रडायचंच आहे रे, पण ते साक्ष देऊन घरी आल्यावर.

तुझीच, त्याला काय इलाज,
आई