बाबांच्या फोनवरचा ओटीपी

शनिवार, १४ मार्च, सनीव्हेल

...आणि हो, एनपीएस राहिलंच होतं! पुण्यातल्या पहिल्या जॉबच्या वेळी बाबांनीच हे पेन्शनचं अकाउंट उघडून दिलं. इथे अमेरिकेत आल्यावर मी म्हटलं, बंद करूया, तर म्हणाले, "वेडी आहेस का? म्हातारपणी परत येशील ना?" माझं इंडियाचं सिम त्यांच्या फोनमध्ये, म्हणून दर मार्चला वर्षाचे पैसे भरताना ओटीपी तेच फोनवर वाचून दाखवायचे. एकेक आकडा, दोनदा. मी चिडायचे, "बाबा, फास्ट ना, एक्स्पायर होतो!"

बाबा गेल्यानंतरचा हा पहिला मार्च. फोन आता आईकडे. तिने आधी चष्मा शोधला, मग वाचलं. एकेक आकडा, दोनदा. एक्स्पायर झाला. आज मी चिडले नाही.

"परत पाठव गं," आई म्हणाली, "त्यांचा फोन वाजला की बरं वाटतं."

पैसे भरले. मग स्क्रीनवर नॉमिनी म्हणून बाबांचं नाव दिसलं. तिथे आईचं टाकायला हवं, कळतंय मला. पण त्याचाही ओटीपी त्याच फोनवर जाणार, आणि बाबांचं नाव काढण्यासाठी तो आईच वाचणार. एकेक आकडा...

यार, तूच सांग, अजून एक वर्ष राहू दिलं तर चालेल ना?