चमच्यावरची नाणी

८ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! विनीतची बदली रत्नागिरीला झाली आणि पुण्यातल्या भाड्याच्या दीड खोलीतून सुटका झाली. नाचणे रोडला सासरचं छान स्लॅबचं घर आहे, मागे काजूची झाडं. घाट उतरताना बाळाने पोटात लाथा मारून जीव नकोसा केला. हुपरीच्या चांदीवाल्याचं नातवंड ते, गप्प कसं बसेल? सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत गेल्या गेल्या पुढ्यात ताट ठेवलं. प्रत्येक पदार्थात नारळ. चहात घातला नाही हे नशीब. माझी आई आज असती तर बाळंतपण हुपरीला झालं असतं, पण इथेही लाडच होणार असं दिसतंय.

११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बाळ पायाळू आहे, खाली डोकं नाही, पाय आहेत. ऑपरेशनची तारीख मार्चमधली दिली. पण त्याआधी कळा सुरू झाल्या तर ताटावरचं जेवण टाकून निघा, म्हणाल्या, पाय आधी बाहेर आले तर डोकं अडकेल. बाहेर विनीतसमोर हसले आणि घरी न्हाणीत जाऊन रडले. मग स्वतःलाच समजावलं, मला साधा काटा रुतला तरी मी गल्ली गोळा करते, कळ आली तर अख्ख्या नाचणे रोडला कळेल.

१५ फेब्रुवारी

आज आईंनी (सासूबाईंना आईच म्हणते) काचेच्या कपाटातला चांदीचा चमचा दाखवला. हातभर लांब, दांड्यावर वेलबुट्टी आणि राणीछाप जुने रुपये डाग देऊन बसवलेले. घरात मूल जन्मलं किंवा सून आली की त्या चमच्याने सगळ्यांसमक्ष खीर भरवायची आणि तिच्या किंवा त्याच्या नावाचं नाणं वर चढवायचं. आई, मोठे दीर गौरवभाऊजी, विनीत, आणि टोकाला मी, असे चौघे ओळीने. माझं लग्नात बसवलेलं मला आठवतंय, कारागिराने डाग देताना टाकणखार जास्त घातला म्हणून मी मनात नाक मुरडलं होतं. वरच्या अंगाला नुसते गोल काळपट डाग आहेत, ते गेलेल्यांचे. माणूस गेलं की नाणं काढून संगमेश्वरला नदीत सोडतात. सासऱ्यांच्या डागावरून आईंनी बोट फिरवलं.

२२ फेब्रुवारी

गौरवभाऊजी शिमग्यासाठी विरारहून लवकर आले. तिथे फ्लॅट घेतलाय, आता आपलं नाणं तिकडच्या देव्हाऱ्यात हवं म्हणतात. आई म्हणाल्या, "जित्या माणसाचा नाय काढीत रे." भाऊजी हसले, म्हणाले, आता घरात हुपरीची सून आहे, भट्टी घरचीच. माझेही हात शिवशिवत होते, खरं सांगते. शेजारच्या नाण्यांवर ओला गेरू लिंपला, कारण चांदीत उष्णता फार लवकर पसरते, एक तापवाल तर दुसरंही सुटतं. फुंकणीने बेताने ज्योत मारली, चिमट्याने अलगद उचललं. बाबांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

२४ फेब्रुवारी

भाऊजींची वर्षानुवर्षांची पाठदुखी गेली. परसात ते कोयतीवर पाय देऊन उभे होते आणि मी किंचाळेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. रक्ताकडे बघून म्हणाले, अरेच्चा. टाके घालतानाही गप्पा मारत होते.

२५ फेब्रुवारी

आईंनी माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. गुडघ्यांनी त्यांना रात्रंदिवस छळलंय. "काढ गो माझापण, आता सोसत नाय." मी नको म्हणाले, विनीतही नको म्हणाला. पण त्या रडायला लागल्या आणि माझ्याने बघवेना. काढलं. दुपारी गच्चीवर जाऊन काजूगर वाळत घालून आल्या, जिना भराभर उतरल्या.

२७ फेब्रुवारी

आईंनी तापलेला तवा हाताने उचलला. कातडी तव्याला चिकटून राहिली. "काय नाय झाला," म्हणाल्या आणि त्याच हाताने भाकरी थापायला बसल्या. संध्याकाळी त्यांची सख्खी बहीण गेल्याचा फोन आला. हं म्हणाल्या, तांदूळ निवडत राहिल्या. नुसतं दुखणं जात नाही तर. मी खूप घाबरले आहे. उद्या दोन्ही नाणी परत बसवते.

२८ फेब्रुवारी

आईंचं नाणं जागेवर धरलं होतं, ज्योत लावली होती. बाळाने आतून अशी लाथ मारली की हात उडाला. ज्योत टोकाला गेली. माझं नाणं ताटात पडलं.

ती लाथ मला अर्धीच कळली.

१ मार्च

दिवसभर विनीतचा हात माझ्या पोटावर आहे. बाळ हलतंय, तो सांगतो. माझ्या पोटातली बातमी मला त्याच्याकडून कळते. तो फार रडला. उद्या सकाळची गाडी सांगितली आहे, दवाखान्यात दाखलच होऊ म्हणाला, कळा आल्याचं तुला कळणार कसं. बरोबर आहे त्याचं. पण मला वाटलं, तोवर आपलं नाणं तरी बसवून बघावं. भरपूर गेरू लिंपला. माझं बसलं. पक्कं बसलं.

चिमट्याने बोटं भाजली, फोड आले. कळलं नाही. म्हणजे बसून उपयोग नाही.

आणि शेजारचं, विनीतचं — सुटलं.

२ मार्च

गाडी आली होती. विनीतने परत पाठवली, घाई काय आहे म्हणाला. मी बॅग परत आत ठेवली. घाबरायला हवं हे आठवतंय. कसं घाबरायचं ते आठवत नाही.

डॉक्टरीणबाईंचा फोन वाजून बंद झाला.

३ मार्च

शिमग्याचे ढोल. पालखी दारात आली. आम्ही चौघे उभे होतो. भाऊजींचा पाय काळा पडलाय, वास येतो. कोणी नारळ ठेवला नाही. लोक बघत होते. पालखी पुढे गेली.

विनीतला विचारलं, बाळ हलतंय का. हात ठेवून म्हणाला, काय माहीत.

४ मार्च

पोट मधूनमधून दगडासारखं घट्ट होतं. हाताने चाचपल्यावर समजतं. मग सैल होतं. याला काहीतरी म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी सांगितलं होतं, ताटावरचं जेवण — जेवण झालं. निवडलेली मेथी आईंना दिली.

५ मार्च

आई म्हणाल्या, फरशीवर पाणी कोणी सांडलं. मी पुसायला वाकले. साडी ओली आहे. पाणी लाल आहे.

वही घेऊन भिंतीला टेकून बसले आहे. विनीत समोर जेवतोय. त्याला सांगितलं. हो म्हणाला, आमटी घेतली.

साडी वर केली. दोन पाय आहेत. लहान. माझ्यातून बाहेर आलेत, गुडघ्यांपर्यंत. बोटं हलतायत. मुलगी असेल, का —

ओढायचं नसतं बहुतेक. की ओढायचं असतं. कुणाला तरी हाक —

बोटं आता हलत ना