सांडव्याचा भागाकार

९ जानेवारी १९७८, सोमवार

यंत्र चुकत नाही म्हणे! माणूस चुकतो, बाई तर हमखास चुकते — यंत्र नाही!

नवे उपअभियंता दिघे साहेब पुण्याहून येऊन आठवडा झाला. आज त्यांनी टेबलावर एक कातडी पिशवी ठेवली आणि आतून पंजाएवढं कॅल्क्युलेटर काढलं. मेहुण्यानं जर्मनीहून आणलेलं. लाल लाल आकडे पेटतात. साइन, कॉस, लॉग, घात, सगळं त्यात. आख्खं ऑफिस गोळा झालं. कडूबा शिपाई तर हात जोडून उभा! साहेब म्हणाले, "आता ती लॉगची पुस्तकं बंबात घाला."

मग सगळ्यांसमोर खैरवाडीच्या सांडव्याची रुंदी काढून दाखवली. खैरवाडी म्हणजे धामणगाव बढ्याच्या पुढची वस्ती, तिथं पाझर तलाव होतोय; तो भरला की जादा पाणी बांधाच्या बाजूनं जायची वाट म्हणजे सांडवा. बटणं टकटक दाबली आणि तीस! "तीस मीटर. सुभद्राबाई, नकाशावर घाला."

मी ट्रेसर. काम रेघा ओढण्याचं. पण सात वर्षं मागच्या साहेबांचे सगळे भागाकार मीच ताडून दिले. ते म्हणायचे, "बाई, तुमची टिक आली की मी डोळे मिटून सही करतो." त्या सवयीनं कागदाच्या कोपऱ्यावर करून पाहिलं. एक्केचाळीस आलं.

म्हटलं, "साहेब, माझं एक्केचाळीस येतंय."

सगळे हसले. कडूबासुद्धा.

१० जानेवारी

परत केलं. लॉगनं केलं, साध्या भागाकारानं केलं, उलटं गुणून पाहिलं. एक्केचाळीस पूर्णांक तेहतीस.

यात अवघड काय आहे? पुराचं पाणी सेकंदाला साठ घनमीटर. ते सांडव्यावरून नव्वद सेंटिमीटर उंचीनं वाहील असं धरायचं. त्या उंचीचा दीड घात ०.८५४. त्याला सांडव्यासाठी ठरलेल्या १.७ नं गुणायचं. जे येईल त्यानं साठाला भागायचं. बस! चुकायला जागाच कुठे आहे?

जानराव ओव्हरसियर माझ्या टेबलाशी आले. खैरवाडीचं काम त्यांच्याकडे आहे. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "बाई, तुमी कायले त्यात पडता? यंत्र फॉरेनचं हाय."

फॉरेनचं! पाणी तर आपल्या इथलंच आहे ना!

१४ जानेवारी

संक्रांत. गोड बोलायचं म्हणे आज. कोणाशी?

१९ जानेवारी, गुरुवार

सापडलं!! सापडलं!!

साहेब दुपारी जेवायला घरी गेले, यंत्र टेबलावर विसरले. कडूबा बाहेर माठ भरत होता. मी सरळ जाऊन त्यांच्या खुर्चीशी उभी राहिले आणि बटण दाबलं.

आधी सोपा हिशेब केला. बाराला 'दोन गुणिले तीन'नं, म्हणजे सहानं भागायचं. उत्तर दोन, शेंबडं पोर सांगेल. तोंडानं म्हणतो तसंच दाबत गेले — बारा, भागिले, दोन, गुणिले, तीन. आलं अठरा! यंत्रानं बाराला दोननं भागलं, सहा आले, आणि त्या सहाला तीननं गुणून टाकलं. त्याचा काय दोष? त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं.

मग साहेबांसारखं केलं. साठ, भागिले एक पूर्णांक सात, गुणिले ०.८५४. तीस! जिथं दोन्ही आकड्यांनी भागायचं, तिथं साहेबांनी एकानं भागलं आणि दुसऱ्यानं गुणलं. आणि त्या यंत्रावर कंसाची दोन बटणं आहेत. चक्क आहेत! खालचे दोन्ही आकडे कंसात घातले आणि बरोबर एक्केचाळीस. यंत्र माझ्याच बाजूचं निघालं!

आनंदानं टाळी वाजवणार तोच दारात साहेब.

"माझ्या वस्तूला हात लावायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "साहेब, कंस राहिला. कंस टाकून पाहा, एकदाच —"

"बाई, तुमच्या इंटर सायन्सचं गणित ऐकायला मी पाच वर्षं इंजिनिअरिंग केलं का? ठेवा ते खाली!"

ठेवलं. त्यांनी रुमालानं पुसलं. माझा हात जिथं लागला होता तिथं तिथं पुसलं! आकड्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही.

२० जानेवारी

मेमो आला. 'वरिष्ठांची खासगी वस्तू विनापरवानगी हाताळली. सात दिवसांत खुलासा सादर करावा.'

एक्केचाळीसचं नावही नाही त्यात. चोरटी ठरले मी! सात वर्षं मी हंगामी आहे, कायम करायचा कागद यंदा कुठे साहेबांच्या टेबलापर्यंत आला होता. आता बसा.

घरी मायला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुले काय करा लागते? रेघा वढ अन् घरी ये. दोघींचं पोट त्याच्यावरच हाय ना?" बोलणं खोटं नाही. म्हणूनच जास्त झोंबलं. ताटावरून उठले. मग तिच्या तोंडाकडे पाहून परत बसले.

२७ जानेवारी

खुलासा दिला. आणि नकाशावर शाईनं 'तीस' लिहिलं. माझ्या अक्षरात! अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं याचाच राग आला. निब टेबलावर आपटून मोडली. कडूबानं विचारलं, "काय झालं बाई?" म्हटलं, निब खराब होती.

६ फेब्रुवारी

वरच्या कार्यालयात, कार्यकारी अभियंत्यांना अर्ज पाठवला होता, आकडेमोडीसकट. आज परत आला. शेरा — 'योग्य मार्गाने सादर करावा.'

योग्य मार्ग म्हणजे कोण? दिघे साहेब! त्यांनीच तो अर्ज दोन बोटांत धरून माझ्यापुढे टाकला. "हौस फिटली?"

दात इतके आवळले होते की संध्याकाळपर्यंत कानशील दुखत होतं.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

जानराव सिमेंटच्या ट्रकबरोबर खैरवाडीला निघाले होते. मी धावत गेले आणि कागद त्यांच्या हातात दिला. सगळं लिहिलं होतं त्यावर, मोठ्या अक्षरात, शेवटी 'सांडवा ४१ मीटर हवा' आणि खाली माझी सही.

म्हटलं, "तुमच्याइतके बांध कोणी पाहिलेत? सांडवा अरुंद पडला की पाण्याला जायला वाट नाही. ते बांधावरून जाईल. मातीचा बांध — वरून पाणी गेलं की राहतो का?"

"नाही राह्यत."

"खाली चाळीस घरं आहेत."

"बेचाळीस हायेत," जानराव म्हणाले. कागदाची घडी केली, टोपीत ठेवली. "पाहू."

पाहू! या एका शब्दावर या ऑफिसची सगळी इमारत उभी आहे!

१४ मार्च, मंगळवार

आज साहेबांनी जीपमध्ये घेतलं, नकाशे धरायला. खैरवाडी प्रथमच पाहिली. रोजगार हमीवर शंभरेक माणसं, निम्म्या बाया. बांध कमरेएवढा झालाय. उजव्या अंगाला सांडव्याच्या खुंट्या ठोकलेल्या. मी मीटरभराचं एकेक पाऊल टाकत मोजल्या, साहेबांची पाठ होती तेव्हा.

तीस. एक पाऊल जास्त नाही!

जानराव माझ्याकडे बघेनात. उगाच पायानं मुरूम उकरत उभे राहिले.

एका बाईनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मंजुळाबाई नाव. बायांच्या टोळीची पुढारीण, उंच, खणखणीत आवाजाची. बांधाखालचं पहिलं घर तिचं. दारावर दोडक्याचा वेल चढवलेला, इथून दिसतो. म्हणाली, "बाई, तुमी नकाशावाल्या ना? बांध पक्का होईन ना वो? पान्याचा भेव वाट्टे मले. घरात सासू हाय, उठता येत नाही तिले."

मी म्हटलं, "होईल."

थू! थू माझ्या तोंडावर!

परत येताना जीपमध्ये साहेब मला कॅल्क्युलेटरची बॅटरी किती दिवस चालते ते सांगत होते.

११ एप्रिल

जानरावांशी बोलणं बंद केलं. नमस्कारही नाही. आज चहा पुढे केला त्यांनी, मी कप तसाच सरकवला. भित्रा माणूस! निवृत्ती, निवृत्ती! बेचाळीस घरांपेक्षा दीड वर्ष मोठं!

साहेबांचा राग येतो तो वेगळा. त्यांना कळत नाही. यांना कळतं!

२२ मे

काम संपल्याचा दाखला आज फाईलीला लागला. 'सांडवा ३० मीटर, नकाशाबरहुकूम.' खाली जानरावांची सही, वळणदार. सांडव्याची तपासणी करायला साहेब गेलेच नाहीत, ऊन फार होतं म्हणे.

१ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस खळलाच नाही. खैरवाडीला जाणारा मोताळ्याकडचा रस्ता बंद, टेलिफोन बंद. ऑफिसात साहेब कॅरम खेळले. मी दोडक्याच्या वेलाकडे बघत होते. म्हणजे डोळ्यांसमोर तोच होता.

२ ऑगस्ट

अजून काही कळत नाही. कुणीच का जात नाही तिकडे? जीप काऊन उभी आहे? विचारलं तर साहेब म्हणाले, "डिझेलचा अपव्यय."

३ ऑगस्ट, गुरुवार

टेलिफोन लागला. खैरवाडीचा तलाव तुडुंब भरला, सांडवा दोन दिवस वाहिला, बांध शाबूत! माणसं, घरं, ढोरं सगळं शाबूत!

मी तिथंच खुर्चीत बसले. रडू आलं. आनंदाचं होतं, खरंच आनंदाचं होतं.

मग साहेब आले. पेढ्यांचा पुडा आणला होता. पहिला पेढा मलाच. "काय सुभद्राबाई? सेकंदाला साठचा पूर होता, मोजलाय तलाठ्यानं नाल्यावर, साठाला कमी नाही. आणि तीस मीटर सांडवा पुरला. आता सांगा — यंत्र की तुम्ही?"

सगळे पुन्हा हसले. जानराव तेवढे खाली बघत होते. मी पेढा गिळला. त्याला चव नव्हती.

४ ऑगस्ट

काल घरी आल्यावर चार वेळा केलं. चारही वेळा एक्केचाळीस. पण बांध उभा आहे! बांध कसा उभा? मग मीच कुठेतरी चुकते आहे. कुठे? शोधून सापडत नाही. इतके दिवस ज्याच्यावर ताठ मानेनं उभी होते ते पायाखालून सरकलं. सात वर्षं मागच्या साहेबांना मी काय काय चुकीचं ताडून दिलं असेल?

दुपारी साहेबांनी बोलावलं. आवाज मऊ. "माझा राग नाही. दोन ओळी लिहून द्या, म्हणजे प्रकरण मिटलं. तुमचा कायमचा कागद आजच वर पाठवतो."

माय म्हणेल देऊन टाक. दिलं. 'माझा भागाकार चुकीचा होता. वरिष्ठांचा वेळ घेतल्याबद्दल दिलगीर आहे.' खाली सही.

साहेबांनी हसून फाईलीत लावलं. मला माझ्याच हाताची किळस आली.

६ ऑगस्ट, रविवार

राहवलं नाही. ऑफिसची टेप पिशवीत घातली, एस.टी.नं धामणगाव गाठलं, पुढं चिखलातून पायी. पाणी जिथवर चढलं होतं ती गाळाची रेघ बांधाच्या माथ्यापासून फक्त वीतभर खाली होती. मंजुळाबाईनं टेपचं दुसरं टोक धरलं. पंधरा मीटरची टेप. एकदा लावली, दोनदा लावली — तीस झाले आणि सांडवा संपेना! पुढं साडेअकरा. परत मोजलं. साडेएक्केचाळीस!

मंजुळाबाई म्हणाली, "जानरावभाऊनं तुमचा कागद आमाले वाचून दाखोला. म्हने, सरकार तीसच खंदते, बाकीचं तुमचं तुमी पाहा. हजेरी भेटनार नाही. अन् कोनाले सांगू नका, त्या बाईले बी नका सांगू, तिची नोकरी जाईन. मंग काम बंद राहे त्या दिवशी साऱ्या गावानं खंदलं. मायी सासू बसून टोपल्या भरे."

मी म्हटलं, "मी एक्केचाळीस लिहिलं होतं. हे अर्ध्या मीटरनं जास्त आहे."

"हाव. तो अर्धा आमच्या भेवाचा."

माफीनामा आता परत मागता यायचा नाही. मागितला तर सांडवा खरा किती ते सांगावं लागेल, जानरावांची ती वळणदार सही खोटी ठरेल, आणि निवृत्तीच्या तोंडावर त्यांची नोकरी जाईल.

आणि त्या माणसाशी मी चार महिने बोलले नाही!