मांडवाबाहेरचा धवला

सोमवार, संध्याकाळ

पहिली आली ती माझी नणंद, चपला काढायच्या आधीच तोंड सुरू. मागून तिची सून, मोबाईल घेऊन. त्यात माझी नात मानसी ठाण्याच्या स्टेजवर गिटार वाजवत गातेय, डोळे मिटून. गाणं तिने स्वतःच रचलेलं, पण मध्ये दोन ओळी माझ्या धवल्याच्या, मी लग्नाच्या मांडवात देवांना बोलवायला गाते त्याच्या. ते बघून मला असा आनंद झाला. पोर श्वासपण माझ्यासारखाच घेते.

नणंद म्हणाली, "नवरा-नवरी नाय, मांडव नाय, आणि देवांना बोलावते? तिला थांबव गो वहिनी. नायतर माझ्या नातीच्या लग्नाला दुसरी धवलारीण बघू." चहा मात्र दोन कप प्यायली.

मला शिकवणारी म्हातारीपण हेच सांगायची, मांडवाबाहेर धवला नको. पण मानसी मागे म्हणालेली, "आजी, खोलीत गायलं की गाणं माझ्यापुरतंच राहतं. समोर माणसं असली की ते त्यांचं होतं." मांडवात माझ्या गाण्याचं तरी दुसरं काय होतं? मीपण डोळे मिटूनच गाते.

त्या दोघी गेल्यावर मानसीला सगळं सांगितलं. गिटारची तार पिळत म्हणाली, "तू नाही म्हणालीस तर शनिवारच्या कार्यक्रमात त्या ओळी नाही गाणार." रागावली असती तर बरं झालं असतं. आता सगळं माझ्यावर आलं. नणंदेची ती नातपण मीच खेळवलेली, तिच्या लग्नात दुसरी कोण गाणार? आणि गाणाऱ्या पोरीला गाऊ नको कोणत्या तोंडाने सांगू?

नणंद गुरुवारी माझं उत्तर घ्यायला परत येते म्हणाली.