मूक टर्टल

बाबा, आज दुपारी मी तुमचं सूप केलं. ऑकलंडमध्ये, ओटाहुहूच्या स्टेशनामागे माझं केटरिंगचं किचन आहे. इथल्या एका जुन्या क्लबाला उद्या पणजोबांच्या काळातलं जेवण हवंय, आणि त्या मेनूत पहिला मान कासवाच्या सूपाचा. खऱ्या कासवाला आता कायद्यानेच बंदी. म्हणून मी क्लबच्या बाईंना म्हटलं, मॉक टर्टल, म्हणजे नकली कासव करते, मेंढीच्या मुंडीचं. "स्वीट ॲज," त्या म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'.

तुम्ही जन्मभर त्याला 'मूक टर्टल' म्हणालात. तुम्ही आचारी होतात त्या मुंबईच्या क्लबात कुणीतरी 'मॉक' म्हटलं, तुम्ही 'मूक' ऐकलंत, आणि अर्थही लावलात: खरं कासव बोलतं, हे बोलत नाही. मी लहान आहे, तुमच्या शेजारी बसून लसूण सोलतेय, आणि तुम्ही सांगताय, तुमच्या उमेदीच्या काळात कासव जिवंत यायचं, फरशीवर उताणं ठेवायचे. दिवसभर ते सुस्कारे टाकायचं, दमून घरी आलेल्या माणसासारखे. त्याची हिरवट चरबी साहेबलोकांना फार प्रिय. वाडग्यात ती दिसली नाही तर वाडगं परत यायचं. देवळात सगळे दगडी कासवाला हात लावून आत जायचे, तुम्ही मात्र वळसा घालायचात.

मग कासवं बंद झाली, मुंडी आली, आणि तुम्ही निर्धास्त झालात. पण एकदा भर दुपारी तुम्ही ॲप्रन न काढताच घरी आलात. "मूकवालं बोललं," एवढंच म्हणालात. पातेल्यातून तोच सुस्कारा आला होता. तुम्ही पुन्हा क्लबाची पायरी चढला नाहीत. काका म्हणाले डोकं फिरलंय, शेजारी म्हणाले पीत असतील, आई शेवटपर्यंत "वाफ असेल हो" म्हणत राहिली. मीही तुम्हाला वेडंच समजत आले, बाबा. वाफेला घाबरून चांगली नोकरी सोडणाऱ्या माणसाचा मला फार राग यायचा.

आज मुंडी शिजली, हाडं काढली, गॅस बंद करून पातेलं निवायला ठेवलं. वाफ कधीच बसली होती. शाळेतून आलेली लेक ओट्याशी टोस्ट खात होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच. तुमची ही गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. ती खाता खाता थांबली.

"मम्मी, हू इज दॅट?"

"कोण गं?"

"समवन रिअली टायर्ड," ती म्हणाली आणि पातेल्याकडे बघत राहिली. मग मलाही ऐकू आलं. हळू, लांब, आणि शेवटी जरासं अडकलेलं.

अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच क्षणी इतकं बरं वाटलं की रडू फुटलं. तुम्ही वेडे नव्हतात. एवढंच कळवायला लिहायला बसले, पण हे पाठवू कुठे? आणि पाठवता आलं असतं तरी पुढचं सांगायला जीभ रेटली नसती. लेकीने परत विचारलं, तेव्हा मी डोळे पुसले आणि म्हटलं, "काही नाही गं, फ्रिज आहे तो."

"ओके," ती म्हणाली, आणि आपलाच कान चोळत राहिली.